प्रारब्ध नेमकं कुणाचं?



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला बाविसावा. जुने कपडे टाकून नवे घालावेत, तसा आत्मा देह बदलतो. लहानपणापासून पाठ आहे. पण गेल्या महिन्यात मी याच शिकवणीचा गैरवापर केला.

मंचरजवळच्या आमच्या गावातून चुलतभावाचा फोन आला. टोमॅटोचे भाव पडलेले, मजुरी अंगावर आलेली. थोडे पैसे हवे होते. मी म्हणालो, "दादा, असतं एकेकाचं प्रारब्ध. भोगूनच संपतं." तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. पैसे होते माझ्याकडे, द्यायचं मनात नव्हतं. त्या नकाराला मी कर्मसिद्धांताचं नाव दिलं.

या आठवड्यात मॅडम ब्लाव्हाट्स्की यांचं 'द व्हॉइस ऑफ द सायलेन्स' (१८८९) वाचत होतो. थिऑसॉफिकल सोसायटीच्या या संस्थापिका १८७९ मध्ये मुंबईत आल्या, तिथूनच त्यांनी 'द थिऑसॉफिस्ट' मासिक सुरू केलं. पुनर्जन्म आणि कर्म हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. वाटलं, माझ्या बाजूने काहीतरी सापडेल. सापडलं उलटंच: दया करायची वेळ असताना स्वस्थ बसणं हेच घोर पाप आहे, असं त्या सांगतात.

रविवारी गावी निघालो, पण मंचरला थांबायचं धाडस होईना. सरळ आळेफाट्याला गेलो, तिथून आळे गावात. इथे माउलींनी वेद बोलवलेल्या रेड्याची समाधी आहे. पैठणला रेड्याच्या पाठीवर फटका बसला आणि वळ माउलींच्या पाठीवर उठले, अशी कथा. मागच्या जन्मी याने काय केलं म्हणून हा रेडा झाला, हे माउलींनी विचारलं नाही.

तिथे बसून कळलं. प्रारब्ध हा शब्द माझं दुःख मला सोसता यावं म्हणून आहे, दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवायला नाही. त्याच्या मागच्या जन्माचं मला काहीच माहीत नाही. माझं या जन्मातलं कर्म मात्र समोर उभं असतं.

परतताना घरी थांबलो. पैसे पुढे केले. दादा हसून म्हणाला, "उशीर झाला रे, व्याजाने काढले मी." मूळ रक्कम फेडली. व्याजही मीच भरतोय.

आज कुणाच्या अडचणीला 'प्रारब्ध' म्हणण्याआधी आपला हात कुठे आहे, एवढं बघूया.

राम कृष्ण हरी!