न उघडणाऱ्या पानांची यादी

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला सर्वांत जास्त चकवते ती अर्धवट बिघाडाची तक्रार. नेट पूर्ण बंद पडलं तर वायर, राउटर किंवा थकलेलं बिल, काहीतरी चटकन हाती लागतं. पण ईमेल येतो, बातम्या दिसतात, रेल्वेचं तिकीट निघतं आणि दोन-चार संकेतस्थळं तेवढी उघडत नाहीत, तेव्हा गिऱ्हाईकच म्हणतं, ‘‘जाऊ द्या हो, बाकी सगळं चालतंय ना!’’ २००९ सालच्या सुरुवातीला जगभरातल्या लाखो कॉम्प्युटरांची हीच अवस्था होती आणि बहुतेक मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

त्या वेळी धुमाकूळ घालणाऱ्या वर्मचं, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत पसरणाऱ्या प्रोग्रामचं, नाव होतं कॉनफिकर. तो पहिल्यांदा आढळला नोव्हेंबर २००८ मध्ये. विंडोजमधल्या एका त्रुटीतून तो आत शिरायचा. नेटवर्कवरच्या शेजारच्या मशीनचा पासवर्ड ‘१२३४५’ छापाचा असेल तर तिथेही पोचायचा. पेनड्राइव्हवर स्वार होण्याची त्याची तऱ्हा तर फारच धूर्त होती. पेनड्राइव्ह लावला की विंडोज एक चौकट दाखवायची: काय करायचं ते निवडा. त्यात ‘फोल्डर उघडा’ हा पर्याय दोनदा दिसायचा, दोन्हीकडे तेच पिवळ्या फोल्डरचं चित्र. वरचा पर्याय वर्मने घुसवलेला, खालचा खरा. घाईत असलेला माणूस वरच्यावर क्लिक करणार हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. प्रोजेक्टची प्रिंट काढायला निघालेला कॉलेजचा मुलगा आणि एकामागून एक पेनड्राइव्ह त्याच मशीनला लावणारा झेरॉक्सवाला, दोघेही त्या घाईतलेच.

आत शिरल्यावर कॉनफिकर काही शब्दांवर पहारा बसवायचा. आपण एखाद्या संकेतस्थळाचं नाव टाइप करतो तेव्हा कॉम्प्युटर आधी त्या नावाचा आकडी पत्ता विचारून घेतो. या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. हा प्रश्न बाहेर पडण्याआधीच वर्म तो तपासायचा. नावात मायक्रोसॉफ्ट, सिमँटेक, मॅकॅफी, कॅस्परस्की, ‘व्हायरस’, ‘विंडोजअपडेट’ असं काही दिसलं की विचारणा तिथेच संपायची आणि पान उघडायचं नाही. जिथून इलाज मिळू शकतो तेवढ्याच वाटा त्याने बंद केल्या होत्या. क्रिकेटचा स्कोअर, गाणी, नोकरीच्या जाहिराती, सगळं खुलं. रोज अँटिव्हायरसच्या संकेतस्थळावर जातो तरी कोण?

त्या शब्दांच्या यादीत एक नाव पुण्याचं होतं. क्विक हील.

ते त्या यादीत कसं गेलं असेल, हे समजायला पुण्यातल्या दुरुस्तीच्या दुकानापर्यंत मागे जावं लागतं. रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्तीत हात बसलेल्या कैलास काटकर यांनी १९९०च्या सुमारास स्वतःचा दुरुस्तीचा व्यवसाय थाटला. पुढे कॉम्प्युटरही दुरुस्तीला येऊ लागले आणि त्यातल्या अनेकांना व्हायरसची बाधा झालेली असायची. धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहायला घेतले, आणि दशकाच्या मध्यावर त्यातून अँटिव्हायरस उभा राहिला. दुरुस्तीवर ज्याचं पोट आहे, त्याच्या दृष्टीने तेच मशीन तीन महिन्यांनी पुन्हा येणं फायद्याचं असतं. तरीही ते पुन्हा का येतं याच्या मागे लागायचं, हा या व्यवसायातला सर्वांत मोठा प्रामाणिकपणा. लबाड प्रोग्रामच्या यादीत नाव असणं हे त्या अर्थाने त्या कामाला मिळालेलं प्रमाणपत्रच म्हणायला हवं.

असं मशीन टेबलावर आल्यावर जाणता कारागीर काय करतो, ते पाहण्यासारखं आहे. आधी ब्राउझर बदलतो; तीच पानं अडतात. मग सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्सच्या आतल्या ‘etc’ फोल्डरात जाऊन ‘होस्ट्स’ नावाची साधी फाइल नोटपॅडमध्ये उघडतो, कारण जुने व्हायरस तिथे खोटे पत्ते लिहून ठेवत. ती स्वच्छ असते. तेच पान दुसऱ्या कॉम्प्युटरवर, त्याच कनेक्शनवर, सरळ उघडतं. म्हणजे दोष मशीनच्या आत आहे. आता तो संकेतस्थळाच्या नावाऐवजी त्याचा आकडी पत्ताच टाकून पाहतो आणि पलीकडून उत्तर येतं! रस्ता शाबूत आहे, फक्त नाव घेऊन विचारायची सोय कोणीतरी काढून घेतली आहे. कॉनफिकर फाइलींना हात न लावता चालू असलेल्या विंडोजच्या मेमरीतच हा बदल करायचा, म्हणून वरवर पाहणाऱ्याला काही सापडत नसे.

अजाण कारागिराचं उत्तर ठरलेलं: ‘‘फॉरमॅट मारू, नवीन विंडोज टाकून देतो.’’ त्यात गिऱ्हाइकाचे फोटोही जायचे आणि तोच पेनड्राइव्ह पुन्हा लावला की वर्म परत हजर. मूळ त्रुटी बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबर २००८ रोजीच दिला होता, म्हणजे वर्म येण्याआधीच. पण आपल्याकडे घरोघरी विंडोजच्या चोरट्या प्रती होत्या. ‘ही प्रत अस्सल नाही’ असा संदेश येईल या भीतीने लोक अपडेट बंदच ठेवत. चार पैसे वाचवण्याचा हा निर्णय खासगी वाटतो, पण तसा तो राहत नाही. बाधित मशीन दूरच्या कोणाच्या तरी हुकमाखाली जातं आणि त्याचा उपयोग अनोळखी माणसांना त्रास देण्यासाठी होऊ शकतो. मालकाला मात्र आपल्याच टेबलावरून हे घडतंय याची जाणीव नसते. सार्वजनिक नैतिकतेच्या चर्चेत हा मुद्दा फार क्वचित येतो, तो यायला हवा.

या वर्मशी लढायला एरवी एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या कंपन्या आणि संशोधक २००९ मध्ये एकत्र आले. मायक्रोसॉफ्टने वर्म लिहिणाऱ्यांची माहिती देणाऱ्यास अडीच लाख डॉलरचं बक्षीस लावलं. काही कंपन्यांनी यादीतल्या शब्दांत न अडकणाऱ्या नव्या नावाने संकेतस्थळं उघडून तिथे औषध ठेवलं. पण सर्वांत सुंदर युक्ती अगदी साधी होती. जो स्टुअर्ट या संशोधकाने एकच पान तयार केलं आणि त्यावर काही चित्रं मांडली: काही सुरक्षा कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून येणारी, काही इतर ठिकाणची. सगळी दिसली तर बहुधा ठीक. सुरक्षा कंपन्यांची तेवढी दिसली नाहीत तर बाधा आहे असं समजा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या तक्त्यावरून त्याचं नाव पडलं ‘आय चार्ट’. काय दिसत नाही याच्या नोंदीवरून रोग ओळखायचा.

ही रीत कॉम्प्युटरपुरती ठेवू नये.

गेल्या काही वर्षांत पुण्यासह देशभर ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने जी लूट चालली आहे, तिची पहिली पायरी नेमकी कॉनफिकरची आहे. पोलिस किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याचं सांगणारा माणूस व्हिडिओ कॉलवर येतो. पैशाची गोष्ट तो नंतर काढतो. आधीचा हुकूम असतो: कॉल बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचं नाही, मुलाला फोन करायचा नाही. प्रभात रोडवरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या निवृत्त माणसाचं बाकी सगळं व्यवस्थित चालू असतं. दूध येतं, पेपर येतो, शेजारी जिन्यात नमस्कार करतात. बंद झालेल्या असतात त्या फक्त ‘हे खोटं आहे’ असं सांगू शकणाऱ्यांच्या वाटा. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी स्पष्ट सांगितलं की कायद्यात असली कोणतीही अटक नाही. पण ज्याच्यापर्यंत हे वाक्य पोचायला हवं, त्याच्याभोवतीच तर पहारा असतो.

फसवणाराही प्रत्येक वेळी बाहेरचाच असतो असं नाही. कर्जात रुतत चाललेला तरुण आधी त्या मित्राला टाळू लागतो, जो हिशोब विचारील. दारू वाढलेला माणूस सगळ्या लग्नांना जातो, फक्त डॉक्टर झालेल्या चुलतभावाकडे जात नाही. एका विचाराने पछाडलेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून शंका विचारणारे तेवढे एकेक करून बाहेर पडतात. गप्पा भरपूर, माणसं भरपूर. म्हणून काही हरवलंय असं वाटतच नाही.

अर्थात, न उघडणारं प्रत्येक पान कारस्थान नसतं. मदरबोर्डवरचा सेल संपून मशीनची तारीख मागे गेली, तरी सुरक्षित संकेतस्थळं उघडायला नकार देतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी संकेतस्थळांना सुरक्षिततेची प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टशी निगडित एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जुन्या फोन-कॉम्प्युटरांवर कितीतरी चांगली पानं अडली. २०२२ मध्ये व्हीएलसी प्लेअरचं संकेतस्थळ भारतात कित्येक महिने अडवलेलं होतं. कोणी कितीही फॉरमॅट मारलं असतं तरी ते उघडलं नसतं, कारण अडसर सरकारी आदेशात होता. तो प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅन संस्थेने कायदेशीर नोटीस पाठवल्यावर नोव्हेंबरमध्ये ती बंदी उठली. म्हणजे लक्षण एक, कारणं चार. म्हणूनच ब्राउझरचा इशारा न वाचता ‘तरीही पुढे जा’ दाबणारा कारागीर आणि अँटिव्हायरस बंद करून ‘झालं बघा’ म्हणणारा कारागीर, दोघेही गिऱ्हाइकाला अंधारात ठेवतात. काय सापडलं हे दोन वाक्यांत सांगणं हा दुरुस्तीचाच भाग आहे, त्याचे पैसे गिऱ्हाइकाने दिलेले असतात.

डिजिटल अरेस्टच्या काही प्रकरणांत रक्कम वाचली ती बँकेच्या काउंटरवर. मुदत ठेव मोडायला आलेल्या वृद्धाला समोरच्या कर्मचाऱ्याने विचारलं, एवढी घाई कशासाठी? उत्तर अडखळलं तेव्हा त्याने पैसे पाठवणं थांबवून धरलं आणि सायबर हेल्पलाइनला, १९३० या क्रमांकाला, फोन लावायला सांगितलं. फोनवरच्या ठगाने मुलगा, सून, शेजारी सगळ्यांच्या वाटा अडवल्या होत्या. समोरासमोर विचारलेला प्रश्न त्याला अडवता आला नाही. बँकांनी अशा कर्मचाऱ्याला ‘काउंटरवरची रांग थांबवली’ म्हणून बोल लावू नये, आणि रांगेत मागे उभ्या असलेल्यांनीही त्या दहा मिनिटांसाठी घड्याळ दाखवू नये.