खोऱ्यातून निघणारे पाणी

शास्त्रपाठ : अनुवाद 8:7, यहेज्केल 34:17-19

कनान देशाची ओळख करून देताना मोशे तेथील ओढ्यांविषयी बोलतो, आणि लगेच ते पाणी येते कोठून हेही सांगतो : खोऱ्यांतून व डोंगरांतून, भूमीच्या पोटातून. आकाशातील पावसाची गोष्ट तो पुढे अकराव्या अध्यायात काढतो. शब्बाथशाळेत हे वचन आपण घाईने ओलांडतो. येथे जरा थांबावे असे आम्हांस वाटते.

पाऊस जाऊन तीन महिने लोटले तरी ओढा वाहत असतो. ते पाणी कोणते? माळव्यात काय, दख्खनेत काय, जमिनीखाली काळा पाषाण आहे. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत पावसाळ्याचे पाणी मुरून राहते, उताराकडे हळूहळू सरकते आणि ओढ्याच्या काठातळातून पाझरते. विहिरींची पातळी ओढ्याच्या तळाहून उंच आहे तोवर जमीन ओढ्याला पाजते. ती तळाखाली गेली की ओढाच जमिनीत जिरू लागतो. तेव्हा माझी विहीर, तुझे बोअर आणि गावाचा ओढा हे एकच पाणी होय.

इंदूर-देवासकडील आमच्या वाचकांना क्षिप्रा नदी नवी नाही. पावलोपावली पाणी अशी एके काळी माळव्याची ख्याती. पुढे विहिरींशेजारी बोअर आली, रब्बीच्या गव्हासाठी पंप चालू लागले, भूजल खोल गेले. झाडीही गेली, हेही खरे. हिवाळा सरतो न सरतो तो नदी कोरडी पडू लागली. अखेर 2014 साली नर्मदेचे पाणी तीनशे मीटरांहून अधिक उंच चढवून क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडण्यात आले. जमीन जे काम फुकट करीत होती त्याला आता वीज लागते!

आपल्या जमिनीखालचे पाणी काढण्याचा हक्क मालकाला 1882 च्या इझमेंट ॲक्टने दिला आहे. मग तक्रार कसली? यहेज्केलाने येथे बोट ठेवले आहे. त्या उताऱ्यात लांडगा नाही; न्याय होतो तो मेंढरामेंढरांत. धष्टपुष्ट मेंढरे निवळ पाणी पिऊन उरलेले पायांनी गढूळ करतात, आणि दुबळ्यांना तेच प्यावे लागते. त्यांनी काही चोरलेले नाही. पाणी पिण्याचा हक्क त्यांना होताच. पण त्यांच्यामागून कोण पिणार, हे त्यांनी पाहिले नाही. आमच्याही मंडळ्यांत कोणाची दोनशे फुटांची बोअर आहे आणि कोणा विधवेची चाळीस फुटांची विहीर. आधी कोणती आटते, हे आपण जाणतो. प्रभुभोजनाला मात्र दोघे एकाच मेजाशी येतात.

देवास जिल्ह्यात 2006 पासून हजारो शेतकऱ्यांनी आपल्याच शेताचा एक तुकडा सोडून तळी खोदली आणि बोअरवरील भार हलका केला. पिकाऊ जमीन पाण्याखाली घालणे ही लहान गोष्ट नव्हे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. दसऱ्यानंतर वर्गाला घेऊन ओढ्याकाठच्या एखाद्या विहिरीवर जावे. दोरीला दगड बांधून काठापासून पाणी किती हात खाली आहे ते मोजावे. ओढ्याचा तळ किती खाली आहे याचाही अंदाज घ्यावा. नाताळात आणि पुनरुत्थानाच्या सणानंतर पुन्हा मोजावे. मुलांनी आकडे वहीत लिहावेत, आणि त्या त्या दिवशी ओढा वाहत होता की नाही तेही शेजारी लिहावे. मग ती वही पंचांपुढे ठेवावी.