शंका आणि साक्ष

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे फारशा आदराने पाहिला जात नाही. आगगाडीच्या प्रवासात किंवा दुपारच्या विश्रांतीत चाळावयाचे पुस्तक, एवढीच त्याची योग्यता ठरलेली आहे. तथापि या प्रकाराची एक उपशाखा अशी आहे की, तिच्यातून एक खराखुरा नैतिक प्रश्न उभा राहतो. या कथांत गुन्ह्याचा शोध लावणारी व्यक्ती पोलीस अधिकारी नसते. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारसारखा चपळ व साहसी नायकही नसते. ती असते एक वृद्ध स्त्री. तिच्याजवळ शस्त्र नाही, अधिकार नाही, अंगात बळ नाही. शेजारपाजारच्या माणसांचे वर्तन वर्षानुवर्षे न्याहाळून जमविलेले ज्ञान, एवढेच तिचे भांडवल. प्रश्न हा की, दुसऱ्याच्या आयुष्यात असे डोकावणे हा दोष मानावा की कर्तव्य?

अशा नायिकांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेची मिस मार्पल. १९२७ साली ती एका लघुकथेतून प्रथम वाचकांसमोर आली आणि १९३० साली ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ या कादंबरीतून स्थिरावली. सेंट मेरी मीड नावाच्या काल्पनिक खेड्यात राहणारी, अविवाहित, विणकाम व बागकाम यांत रमणारी ही बाई आहे. आपल्या आजीचा एक स्वभावविशेष लेखिकेने तिला दिला: कोणाविषयीही वाईटच अपेक्षावे, आणि ते बहुधा खरे ठरावे! ही परंपरा आजही खंडित झालेली नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट थोरोगुड यांच्या ‘द मार्लो मर्डर क्लब’ या कादंबरीत सत्त्याहत्तर वर्षांची ज्युडिथ पॉट्स ही शब्दकोडी रचणारी बाई थेम्स नदीकाठच्या मार्लो गावी आणखी दोघी स्त्रियांना हाताशी धरून खुनाचा तपास करते.

या नायिकांवर घेतला जाणारा आक्षेप हलका नाही. जो सर्वांविषयी वाईट अपेक्षितो, त्याचे मन स्वतःच मलिन होत नाही काय? खिडकीच्या पडद्याआडून शेजाऱ्याकडे पाहणारी दृष्टी आणि चावडीवरची कुचाळकी यांत फरक तो कोणता? एका निराधार शंकेने एखाद्या कुटुंबाची गावातील अब्रू कायमची जाते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. कादंबरीतील शंका शेवटच्या प्रकरणात खरी ठरते, कारण लेखकाने तशी योजनाच केलेली असते. जीवनात असे आश्वासन कोणी देत नाही.

हा धोका खुद्द ख्रिस्तीबाईंनी ओळखला होता. १९४२ सालच्या ‘द मूव्हिंग फिंगर’ या कादंबरीत लिम्स्टॉक नावाच्या गावी घरोघर निनावी पत्रे येऊ लागतात. त्यांत गलिच्छ आरोप असतात. लोक एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात आणि विस्तवाशिवाय धूर निघत नाही, असे कुजबुजू लागतात. पुढे एक मृत्यू घडतो, तेव्हा तेथील पाद्रीसाहेबांची पत्नी मिस मार्पलला बोलावून घेते. मिस मार्पल त्या धुराकडेच शंकेने पाहते. लोकांची दृष्टी भलतीकडे वळावी म्हणून हा धूर कोणी मुद्दाम तर केलेला नाही ना, असे ती विचारते. आपल्या न्यायशास्त्रात पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान हे उदाहरण प्रसिद्धच आहे. परंतु धुके किंवा धूळ यांना धूर समजून केलेले अनुमान फसवे ठरते, हेही शास्त्रकारांनी बजावून ठेवले आहे. निंदकाला या दुसऱ्या अर्ध्या भागाशी कर्तव्य नसते. धूर दिसला की त्याचे काम संपते. शोधकाचे काम तेथे सुरू होते.

या भेदाचे उत्तम उदाहरण १९५७ सालच्या ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ या कादंबरीत आहे. मिसेस मॅकगिलिकडी नावाची वयस्क बाई आगगाडीतून जात असता शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी समांतर धावू लागते. तिच्या एका डब्यात एक पुरुष एका स्त्रीचा गळा आवळीत असल्याचे ती पाहते. ती लागलीच तिकीट तपासनिसाला सांगते. त्याला मात्र बाईंना डुलकी लागून स्वप्न पडले असावे, असे वाटते. पोलीस शोध घेतात, परंतु प्रेत कोठेच मिळत नाही. विश्वास ठेवते ती एकटी तिची मैत्रीण मिस मार्पल. का? मैत्रीखातर नव्हे. आपल्या मैत्रिणीला कल्पनाशक्ती जवळजवळ नाहीच, तेव्हा असे दृश्य ती रचणार नाही, हे तिला ठाऊक असते. परंतु एवढ्यावर ती थांबत नाही. ती स्वतः त्याच मार्गाने प्रवास करते, नकाशे पाहते, आणि लोहमार्गाच्या कोणत्या वळणावरून प्रेत खाली ढकलता येईल याचा अदमास घेते. आपल्या वयाला धावपळ झेपणार नाही हे जाणून ती ल्युसी नावाच्या हुशार तरुणीला त्या जागी शोध घेण्यास पाठविते. आपला समज खोटा ठरण्याची पूर्ण संधी ती वस्तुस्थितीला देते. निंदक ही संधी कधीच देत नाही.

येथे प्रश्नाची दुसरी बाजू दिसते, आणि ती ऐकणाऱ्यांची आहे. मिसेस मॅकगिलिकडी खोटे बोलते असे कोणी म्हणत नाही. वय झालेल्या बाईला भास होणारच, असे सर्वजण परस्पर ठरवून टाकतात. मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ विदुषीने २००७ सालच्या आपल्या ग्रंथात अशा वागणुकीला अन्यायाचाच एक प्रकार म्हटले आहे. बोलणाऱ्याच्या जातीकुळीवरून, लिंगावरून किंवा अशाच एखाद्या ओळखीवरून त्याच्या शब्दाचे वजन आधीच घटविले, तर ज्ञाता म्हणून त्याचा जो मान, तो आपण हिरावून घेतो. हा विचार आपल्याला परका वाटू नये. न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी आप्ताचे लक्षण सांगितले आहे. ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे ते स्पष्ट म्हणतात. त्यांत वयाची किंवा प्रतिष्ठेची अट नाही. मग आगगाडीतील त्या बाईला ते लक्षण लागू पडण्यास काय उणे होते?

शोध आणि कुचाळकी यांतील आणखी एक भेद म्हणजे हेतू. १९५३ सालच्या ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ या कादंबरीत एका धनिक कुटुंबात लागोपाठ मृत्यू होतात. त्यांत ग्लॅडिस नावाची अनाथ, भोळी मोलकरीणही मारली जाते आणि तिच्या नाकाला कपडे वाळत घालण्याचा चिमटा लावलेला आढळतो. त्या मुलीला घरकामाचे वळण मिस मार्पलने लावलेले होते. धनिकाच्या मृत्यूची चर्चा वृत्तपत्रे करतील. मोलकरणीसाठी येणारे दुसरे कोण होते? म्हातारी एकटीच प्रवास करून त्या घरी जाते. मेलेल्या मुलीची अशी विटंबना तिला सहन होत नाही. वाईटाची अपेक्षा करणाऱ्या या मनात एवढी करुणा आणि एवढा संताप शिल्लक राहिला आहे. तेव्हा दुष्टता ओळखणारे मन मलिन होतेच असे नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला ते विसरले, आणि पाहण्याचेच सुख भोगू लागले, म्हणजे ते मलिन होते.

यावरून आम्हास असे वाटते की, डोकावणे हे स्वतः पापही नव्हे आणि पुण्यही नव्हे. पाहिलेले तपासण्याची तयारी, चूक निघाल्यास शब्द मागे घेण्याची तयारी आणि ज्याला बोलता येत नाही त्याची कणव, या तिन्ही गोष्टी असतील तर ती दृष्टी समाजाची राखण करते. त्या नसतील तर तीच दृष्टी समाजाला जाळते. देवळाच्या सभामंडपात कीर्तनाआधी ज्या वृद्ध स्त्रिया बसलेल्या असतात, त्यांना कोणत्या घरची सून गेल्या महिन्यापासून दिसली नाही, हे इतर कोणाहीआधी कळते. त्यांनी ते दहाजणींना सांगत सुटण्यापेक्षा त्या घरी जाऊन सुनेला भेटावे. आणि त्या काही सांगू लागल्या, तर म्हातारीची बडबड म्हणून आपण उठून जाण्यापूर्वी निदान एवढे विचारावे: आपण काय पाहिलेत, आणि केव्हा?