पन्नासचं खूळ

बॅग खाली ठेव आणि बस. फोनही बंद कर. दिवसरात्र लेन्सचे रिव्ह्यू ऐकून तुझं डोकं पार फिरलंय. आता घटकाभर माझं ऐक.

मला न विचारता बोरा बाजारात गेलास आणि जुनी ५० एमएम एफ/१.८ डी उचलून आणलीस. स्वस्त मिळाली म्हणून वर्गात मिरवलीस. मग शटर अर्धं दाबल्यावर फोकस का होईना, ते सांग की! गप्प का? तुझ्या डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. तुझ्या या डी लेन्समध्येही ती नाही, लेन्सला बॉडीतल्या मोटरनेच फिरवावं लागतं. निकॉनची लेन्स घेताना नावात एएफ-एस किंवा एएफ-पी आहे का, एवढंच बघायचं होतं. कॅमेऱ्यासोबत आलेल्या कागदात हे लिहिलेलं असतं. ते कागद पिशवीतून बाहेर तरी काढलेस का?

आणि घेताना आत टॉर्च मारून पाहिलंस? नाही ना. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते. आतल्या काचेवर बारीक पांढरे तंतू धरतात आणि ते काही रुमालाने पुसून जात नाहीत. बाहेरून चकचकीत दिसली की झालं तुझं.

बरं, पन्नासच का? तर म्हणे कार्तिए-ब्रेसाँ पन्नास वापरायचे. वापरायचे, बहुतेक वेळा तीच. पण कशावर? लायकावर. त्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर. तुझा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६. लेन्स तीच राहते, पण तुझा कॅमेरा चित्राचा मधलाच तुकडा घेतो. म्हणून तुझ्या हातातली पन्नास त्यांच्या पंच्याहत्तरसारखी दिसते. हिशेब कर. दहा फुटांवर आजी बसली आहे. पन्नासमधून तुला जेमतेम पावणेपाच फूट रुंदी दिसणार. आजी येईल, तिच्या शेजारची चूल येणार नाही. मागे सरकावं तर पाठीला भिंत. त्यांची नजर हवी असेल तर तुझ्या कॅमेऱ्यावर ३५ लागते. निकॉनने २००९ साली ३५ एमएम एफ/१.८ काढली ती तुझ्याकडच्यासारख्या लहान सेन्सरच्या डीएक्स कॅमेऱ्यांसाठीच. थोरांची नक्कल करायची तर निदान आकडा तरी नीट कर.

आणि त्या १८-५५ ला तू काय म्हणालास? डबडं! कॅमेऱ्यासोबत आली म्हणून डबडं? दहा फुटांवर अठराला ती तेरा फूट रुंदी दाखवते. दिवसाउजेडी एफ/८ ला लाव आणि हात स्थिर ठेव. ए-४ प्रिंटमध्ये तिला नाव ठेवून दाखव, मग बोलू. तुझे फोटो पडलेले दिसतात ते लेन्समुळे नाही. भर दुपारी बाराच्या उन्हात माणसांना उभं करतोस आणि डोळ्यांखालच्या सावल्या बघत नाहीस, म्हणून.

तिची खरी अडचण अंधाराची आहे, आणि तेवढी मी कबूल करतो. रात्रीचं भजन आहे, देवळात दोन ट्यूबलाइट आहेत. पंचावन्नला ती एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. आयएसओ १६०० ठेवूनही समजा एक दशांश सेकंद मिळाला, तर टाळ वाजवणारे हात नुसते धूर दिसतील. लेन्सवर व्हीआर लिहिलंय म्हणशील, तर ते तुझ्या हाताची थरथर सावरतं, टाळकऱ्याला थांबवत नाही. एफ/१.८ म्हणजे जवळपास दहापट उजेड, त्याच जागी एक शतांश सेकंद. हात गोठतात. बिनझूम लेन्सला पैसे मोजायचे ते या कामासाठी. पाठीमागचं धूसर करून फोटो ‘प्रोफेशनल’ दिसावा म्हणून नव्हे! आणि तिथेही शिस्त लागते. तीन फुटांवरून ३५ ला एफ/१.८ उघडी टाकलीस तर पाचेक सेंटिमीटर जागाच धारदार येते. जवळचा डोळा साधशील आणि कान जाईल.

आता ते ७०-३०० चं तुणतुणं. भिगवणचे रोहित पक्षी टिपायचे आहेत म्हणतोस. वर्षातून कितीदा जाणार भिगवणला? एकदा, तेही कुणी गाडी काढली तर. उरलेले दिवस ती लेन्स घेऊन तू मंडईच्या या टोकाला उभा राहणार आणि त्या टोकाच्या भाजीवालीला चोरून टिपणार. उंटावरून शेळ्या हाकण्याचा धंदा आहे हा. दुरून काढलेला चेहरा पाठीमागच्या गर्दीला चिकटून सपाट दिसतो, कारण तू दूर उभा आहेस. झूमने ते अंतर मिटत नाही. फोटोग्राफर होमाई व्यारावाला जे. जे. मध्ये शिकलेल्या. त्यांच्या रोलायफ्लेक्सवर झूम नव्हताच. पंतप्रधानांचा फोटो हवा तर त्यांच्यापर्यंत चालत जावं लागायचं. तुला भाजीवालीशी दोन शब्द बोलायची लाज वाटते, आणि तिच्यावर इलाज म्हणून लेन्स शोधतोयस.

पहिली लेन्स कोणती, हे मला विचारू नकोस. तुझ्या कॅमेऱ्याने प्रत्येक फोटोच्या पोटात फोकल लेंथ लिहून ठेवली आहे. काल तू दिलेलं कार्ड मी उघडलं. काय दिसलं माहीत आहे? सगळे फोटो एक तर १८ ला, नाही तर ५५ ला. मधलं काहीच नाही! म्हणजे तू निवडत नाहीस, रिंग अडेपर्यंत पिरगाळतोस. ज्याला मधले २४ आणि ३५ कसे दिसतात हे ठाऊक नाही, त्याने दुकानात जाऊन काय मागायचं?

१८-५५ काढ बाहेर. रिंग ३५ वर आण आणि वर चिकटपट्टी मार. पुढचा महिनाभर ती काढायची नाही. त्यानंतरचा महिना २४ वर. जिथे अडशील तिथे काय कमी पडलं ते वहीत लिहायचं: जागा की उजेड. जागा कमी पडली तर रुंद लेन्सचं बोलू. उजेड कमी पडला तर ३५ एफ/१.८ चं. दोन्हींपैकी काहीच कमी पडलं नाही, तर तुझ्या वडिलांचे पैसे वाचले.

ती डी राहू दे तुझ्याकडे. रविवारी हाताने फोकस करायचा सराव कर, तुला तो येतच नाही. चिकटपट्टी त्या खणात आहे, कात्री जागच्या जागी ठेव.