शब्द पाठ झाला, पण कळला का?

शब्दाची व्याख्या पाठ झाली म्हणजे तो शब्द कळला असे म्हणावे काय, हा प्रश्न वरकरणी विद्यार्थ्यांचा वाटतो. आम्हांस तो आता नीतीचाही वाटू लागला आहे.

परदेशी उच्च शिक्षणासाठी जीआरई ही परीक्षा देणारी मुले आपल्या अनेक घरांत आहेत. कठीण इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या करून ती पाठ करतात : एका बाजूस शब्द, दुसऱ्या बाजूस व्याख्या व एक उदाहरणवाक्य. २०११ साली या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न वगळले गेले आणि वाक्यातील संदर्भावरून शब्द ओळखण्यावर भर आला. उदाहरणाचे हे महत्त्व कोशकारांनी फार पूर्वीच जाणले होते. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या कोशात ग्रंथकारांची लाखाहून अधिक अवतरणे दिली आहेत. व्याख्या शब्दाची कुंडली मांडते. तो भाषेत कसा नांदतो, हे उदाहरणच सांगते.

‘कॉन्डिसेन्शन’ हा शब्द घ्या. जॉन्सनच्या काळी वरिष्ठाने आपला मोठेपणा बाजूस ठेवून कनिष्ठाशी बरोबरीने वागणे, असा त्याचा अर्थ होता व तो गुण मानला जाई. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीतील पाद्री कॉलिन्स आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरिनच्या याच गुणाची स्तुती करताना थकत नाही. आज मात्र आपला मोठेपणा जाणवून देत दाखवलेल्या चांगुलपणास हा शब्द लावतात, आणि तो दोष समजतात. अक्षरे तीच राहिली. माणसामाणसांतील उच्चनीचता लोकांना खुपू लागली, तसा गुणाचा दोष झाला. आपल्या ‘मेहेरबानी’चेही असेच नाही का? अर्जाच्या मायन्यात ‘मेहेरबान’ आदराचा. घरात ‘मोठी मेहेरबानी झाली’ म्हटले की उपरोधाचा.

हे सारे आम्ही आमच्या नातीस मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. ती शांतपणे म्हणाली, “आजोबा, भांडीवाल्या मावशींना तुम्ही रोज चहा देता, पण वेगळ्या कपात, आणि देता हे आल्यागेल्याला सांगता. ते यातच बसतं ना?”

आम्ही निरुत्तर झालो. जे आम्ही इतकी वर्षे औदार्य समजत होतो, त्याला नाव मिळाले ते असे.

यावरून पाठांतरास कमी लेखण्याचे कारण नाही. पाढे येत नाहीत त्याला हिशेब कुठून येणार? नातीने ती व्याख्या पाठ केली नसती, तर जे तिला दिसत होते ते सांगण्यास तिच्यापाशी शब्दच नसता. परंतु झाड, दगड, यंत्र यांची नावे आणि गुणदोषांची नावे यांत एक भेद आहे. पहिल्या प्रकारचे शब्द जगाकडे बोट दाखवून शिकता येतात. दुसऱ्या प्रकारचे शब्द केवळ इतरांकडे बोट दाखवून शिकता येत नाहीत. एकदा तरी ते स्वतःस लावून पाहावे लागतात. तोवर ते परीक्षेत गुण देतील, शहाणपण देणार नाहीत.

आता आमच्याकडे सर्वांचे कप सारखे आहेत. एवढ्याने दोष गेला असे आम्हांस म्हणवत नाही. शब्द मात्र कळला.