बारगिराचा घोडा

मांडवीच्या खांबाला तडे गेल्याचे २०२५ साली दिसून आले आणि त्या पुरातन वास्तूला लोखंडी टेकू द्यावे लागले, तेव्हा बडोद्यातील अनेक जुन्या मराठी कुटुंबांची पावले तिकडे वळली. आम्हीही गेलो. मात्र हळहळण्याआधी आमची नजर तड्याच्या टोकाकडे गेली. तडा सुरू कुठे झाला यापेक्षा तो आज कुठे थांबला आहे आणि कालही तिथेच थांबला होता काय, हे आधी पाहावे, अशी आमच्या डोळ्यांना जुनी सवय आहे. १९७४ ते १९८९ अशी १५ वर्षे आम्ही हवाईदलात विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे तंत्रज्ञ होतो. नोकरी सुटून साडेतीन दशके उलटली. नजर सुटली नाही. बरोबर असलेल्या पुतण्याच्या मुलाने सहज विचारले, "आजोबा, तुम्हाला दिसलं ते ठीक. पण सांगणार कुणाला?" त्याला काही गंभीर विचारायचे नव्हते. आमचे मात्र तेच जुने दुखणे आहे.

लष्करी पेशातून मुलकी पेशात जाणे आपल्या घराण्यांना नवीन नाही. गायकवाडांच्या फौजेबरोबर अठराव्या शतकात जे इथे आले, त्यांच्या वंशजांनी पुढे तलवार खुंटीला लावली आणि कोठी कचेरीत, शाळांत, न्यायालयांत लेखणी धरली. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, तेव्हा हाताच्या कसबालाही राजमान्यता मिळाली. घरातील जुन्या माणसांच्या बोलण्यात दोन शब्द वारंवार येत: शिलेदार आणि बारगीर. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. सरकारी पागेतला घोडा ज्याला मिळे तो बारगीर. रणात दोघेही सारखेच लढत. चाकरी सुटली म्हणजे मात्र शिलेदार घोड्यावर बसून घरी येई आणि बारगीर पायी.

आम्ही बारगीर होतो, हे आम्हाला बाहेर पडल्यावर कळले.

आमच्या काळचे अ‍ॅव्हरो विमान पाहा. ब्रिटिश आराखड्यावरून ते कानपूरला बांधले जाई. तिथे बांधलेल्या पहिल्या विमानाने १ नोव्हेंबर १९६१ रोजी उड्डाण केले आणि त्याला एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्यावरून 'सुब्रतो' हे नाव दिले गेले. हेच विमान हवाईदलात होते आणि हेच इंडियन एअरलाइन्सच्याही ताफ्यात होते. पंखावर तीच दोन डार्ट इंजिने, तेच रिव्हेट, गंज धरण्याच्या जागाही त्याच. फरक बाहेरच्या रंगाचा. पण रंगाच्या अलीकडे १५ वर्षे ज्या बोल्टवर आम्ही सही केली, त्याच बोल्टवर रंगाच्या पलीकडे सही करण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. त्यासाठी नागरी परवाना हवा, परीक्षा हव्यात, आणि लष्करातला अनुभव जमेस धरला तरी नागरी विमानांवरचा अनुभव वेगळा हवा. यात अन्याय आहे असे आम्ही म्हणणार नाही. दोन्हीकडचे नियम वेगळे, कागद वेगळे, आणि ज्याच्या सहीवर अनोळखी प्रवासी विसंबणार, त्याची परीक्षा दोनदा झाली तरी बिघडले काय? तथापि हाताशी दोन मुले आणि भाड्याचे घर असलेल्या पस्तिशीतल्या माणसाला पुन्हा विद्यार्थी होणे परवडतेच असे नाही. आमचे कित्येक सोबती बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभे राहिले. माजी सैनिकांसाठी राखीव जागा असतात. त्या जागेवर बसल्यावर हातातल्या कसबाचे काय होते, याची नोंद कुठल्याच तक्त्यात नसते.

परंतु कसब गमावल्याचे दुःख हा या लेखाचा विषय नाही. पागेत आणखी एक गोष्ट राहून गेली, आणि ती आमची स्वतःची आहे असे आम्ही समजत होतो.

नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, एका रात्रपाळीत, काम संपवून हत्यारांची पेटी मोजताना एक लहान पाना कमी भरला. विमानाच्या पोटात राहिलेला पाना नियंत्रणाच्या तारेत अडकला तर पुढे काय होते, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असते. तासाभरापूर्वीच आम्ही सही केली होती. घशाला कोरड पडली. पण सार्जंटपाशी जाऊन सांगितले. विमान तत्काळ थांबवले गेले, पहाटेचे उड्डाण रद्द झाले, उघडलेली प्रत्येक झडप पुन्हा उघडली गेली, आणि उजाडता उजाडता पाना सापडला तो चाकाच्या ढकलगाडीवर, एका चिंधीखाली. हलगर्जीबद्दल आम्हाला तीन रात्रींची जादा पाळी मिळाली. चौथ्या दिवशी ज्या वैमानिकाचे उड्डाण रद्द झाले होते, त्याने कँटीनमध्ये आमच्यापुढे चहाचा पेला सरकवला आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. शिक्षा पाना हरवल्याची होती. सांगितल्याची नव्हती. हा भेद तेव्हा आम्हाला इतका स्वाभाविक वाटला की त्याचा विचारही केला नाही.

हवाईदल म्हणजे स्वर्ग होता असे कुणी समजू नये. तिथेही वरिष्ठांची मर्जी होती, झाकपाक होती, भीती होती. पण उड्डाणापूर्वी नोंदवहीत ज्याची सही आमच्या सहीखाली पडे, तो माणूस आम्हाला नावाने ओळखे, आणि विमान परत येईपर्यंत आम्ही धावपट्टीच्या कडेला उभे असू. चूक सांगणे सोपे नव्हते. न सांगणे मात्र अशक्यप्राय होते.

पुढे आम्ही एका कारखान्यात देखभालीचे पर्यवेक्षक झालो. तिथल्या तिसऱ्या हिवाळ्यात एका मोठ्या गिअरपेटीचे झाकण बसवून झाल्यावर आमच्या मनात आले की पुसायचे फडके आत तर राहिले नाही ना? खात्री नव्हती, शंका होती. झाकण पुन्हा उघडायचे म्हणजे पाळीभराचे उत्पादन जाणार. मागच्याच महिन्यात एका फिटरने स्वतःची चूक स्वतः सांगितली होती, आणि पंधरवड्यात त्याचे नाव हजेरीपटावरून उतरले होते. आम्ही गप्प बसलो. यंत्र सुरू झाले. दोन दिवसांनी ते फडके पाण्याच्या पिंपामागे सापडले. काहीही झाले नाही.

काहीही झाले नाही, या तीन शब्दांनी आमची सुटका व्हावी असे आम्हाला फार वाटे. पण त्या दोन रात्री आम्ही जे होतो ते फडके सापडल्याने बदलत नाही. पाना हरवला त्या रात्रीचा आणि फडके न सापडलेल्या रात्रीचा माणूस एकच. मग पहिल्या रात्रीचा खरेपणा कुणाचा होता?

आमच्या मंडळातल्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांपुढे हे बोललो, तेव्हा ते म्हणाले, "चंदन कुठेही उगाळा, सुगंध तोच. तुमचं चंदन कच्चं होतं." त्यांचे म्हणणे आम्ही अमान्य करीत नाही. आमच्या गप्प बसण्याचे खापर कारखान्यावर फोडून मोकळे होण्याचा आमचा विचार नाही. त्या रात्री तोंड आमचे होते आणि ते आम्हीच मिटले. पण चंदनाला उगाळायला सहाण लागते, हेही खरे. माणसाचा सद्गुण ही त्याच्या एकट्याच्या गाठीची पुंजी आहे असे नीतिशास्त्र पुष्कळदा गृहीत धरते. आमचा अनुभव असा की खरेपणाचा बराचसा भाग आपल्याला उसना मिळालेला असतो, आणि उसना आहे हे न कळल्यामुळे आपण त्याचा अभिमान बाळगतो.

१० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच उड्डाणानंतर काही मिनिटांतच निखळली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले म्हणून तो वाचला. चौकशीत आढळले की त्या उड्डाणापूर्वी नवी काच बसवताना वापरलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट किंचित कमी व्यासाचे होते. बसवणारा पाळीप्रमुख अनुभवी होता. माणसे कमी होती, म्हणून काम त्याने एकट्याने अंगावर घेतले, आणि जुन्या बोल्टाशी नवे बोल्ट नजरेने जुळवले. दुसऱ्या माणसाने ते काम तपासावे असे बंधन त्या कामाला नव्हते. ही हकीकत वाचली तेव्हा त्याला दोष देण्याची इच्छा आम्हाला झाली नाही. लबाडी त्यात कुठेच नाही. त्याच्या शेजारी दुसरा माणूस उभा नव्हता, एवढेच पुन्हा पुन्हा मनात येत राहिले.

आता हा विचार पुन्हा उफाळून येण्याचे कारण घरातलेच आहे. २०२२ सालच्या अग्निपथ योजनेत हवाईदलात शिरलेल्या मुलांची मुदत चार वर्षांची. त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतील, बाकीचे पंचविशीच्या आसपास मुलकी जगात येतील. पुतण्याचा मुलगा त्यांच्यातला. आम्ही पस्तिशीत पायी घरी आलो. हा तेविसाव्या वर्षी येईल. बडोद्यातच, २८ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या कारखान्यात, अ‍ॅव्हरोची जागा घेणाऱ्या ५६ सी-२९५ विमानांपैकी ४० विमानांची जोडणी व्हायची आहे, आणि त्याचे डोळे तिकडे लागले आहेत. शेवटच्या महायुद्धात बडोदे संस्थानाच्या देणगीमुळे ब्रिटिश हवाईदलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला 'बडोदा' हे नाव मिळाले होते, हे त्याला आम्ही अभिमानाने सांगितले. तो हसला. नावाचा अभिमान त्याच्या वयाला पुरत नाही, आणि पुरू नये.

मांडवीहून परतताना घडियाळी पोळीच्या तोंडाशी त्याने विचारले की बाहेर पडण्यापूर्वी काय काय जमवून ठेवावे. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद तारखेसह सही-शिक्क्यानिशी घे, कारण नंतर पत्रव्यवहारात वर्षे जातात, हे आम्ही सांगितले. परवान्याच्या परीक्षांचे जितके पेपर नोकरीत असताना देता येतील तितके दे, हेही सांगितले. हा घोडा तरी स्वतःचा असावा.

"आणि मुलाखतीत ते मला विचारतील तसं मीही काही विचारू शकतो का?"

विचार, म्हटले. इथे आपली चूक आपण होऊन सांगणारा शेवटचा माणूस कोण होता आणि तो आज कुठल्या हुद्द्यावर आहे, एवढे विचार. त्याने खिशातून फोन काढला आणि चालता चालता ते लिहून घेतले.