चार पाय

रताळ्याच्या रानात डुकरांचा कळप शिरून गेला की सकाळी आपलं शेत आपल्यालाच ओळखू येत नाही. डुक्कर गुरासारखं चरत नाही. ते नाकाड मातीत खुपसून नांगर धरल्यासारखं सरळ पुढं जातं, मागं वेल उलटे पडलेले, वरंबे फुटलेले आणि अर्धवट चावलेली रताळी पसरलेली. जेवढं खातं त्याच्या कितीतरी पट नासतं. बेळगावच्या पश्चिमेला उचगाव, बेकिनकेरेच्या तांबड्या मातीत ज्यांची रताळी आहेत, त्यांना हे सांगायला नको. जूनमध्ये वेल लावायचे, पावसाळाभर भांगलायचं, आणि नवरात्राच्या उपवासाला माल बाजारात जायच्या तोंडावर, पितृपक्षाच्या अंधाऱ्या रात्रीत, कळप उतरतो.

आमचं रान याच पट्ट्यात, अगदी हद्दीवर. एक ओघळ आहे, उन्हाळ्यात कोरडी, पावसाळ्यात गुडघाभर पाण्याची. अलीकडं आम्ही, बेळगाव तालुका, कर्नाटक. पलीकडं चंदगड तालुका, जिल्हा कोल्हापूर, महाराष्ट्र. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड मुंबई राज्यात राहिलं आणि आमची ओघळ राज्याची सीमा झाली. माणसं तीच, देव तेच, सोयरीकही तीच. उतारे तेवढे वेगळे झाले.

ओघळीपलीकडं एका तात्यांचा ऊस होता. नात्यानं लांबचे, वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. एके काळी दोन्ही घरांत पेरणीला बैल दिले-घेतले जायचे. पण डुकरं वाढली तसं बोलणं आटलं. आम्ही म्हणायचो, "ही महाराष्ट्रातली डुकरं. दिवसभर त्यांच्या उसात झोपतात, रात्री आमच्यात येतात." तात्यांच्या घरचे म्हणायचे, "कर्नाटकातली डुकरं. त्यांच्या रताळ्याच्या वासानंच इकडं आली." भरपाईसाठी आमचा अर्ज कन्नडमधून, आमच्या वनखात्याकडं. त्यांचा मराठीतून, त्यांच्या वनखात्याकडं. कळप एक, पंचनामे दोन, आणि गाळलेल्या घामाचा हिशेब दोन्हीकडं अपुरा.

आबांकडं, म्हणजे माझ्या आजोबांकडं, एकनळी बारा बोअरची बंदूक होती. पीक राखायला म्हणून जुन्या काळी परवाना मिळालेली. प्रत्येक निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची, मतमोजणी झाली की परत आणायची. तरुणपणी आबा हाक्याला जायचे. होळीच्या सुमाराला गावचं गाव डोंगराला लागायचं, एका अंगानं हाकारे ओरडत यायचे, दुसऱ्या अंगाला बंदुकवाले दबा धरून बसायचे, आणि संध्याकाळी वाटे पडायचे. 1972 चा वन्यजीव कायदा आला, रानडुक्कर संरक्षित झालं, आणि आबांनी शिकार सोडली. त्यानंतर त्या बंदुकीतून हवेतच बार निघाले.

राखणीला बसलं की ते मला एकच गोष्ट सांगायचे. "चार पाय मोजल्याबिगर चापाला बोट लावायचं न्हाई. आवाजावर न्हाई, हालचालीवर न्हाई, डोळं चमकलं म्हणून तर न्हाईच. चार पाय. एक, दोन, तीन, चार." मी हसायचो. हवेतच बार काढायचा तर पाय कशाला मोजायचे? आबा उत्तर द्यायचे नाहीत.

एका वर्षी माझ्या डोक्यात दुसरंच भरलं होतं. चुलतभावानं मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले होते. टेक्सासमध्ये लोक रात्री डुकरं मारतात, कुणी शॉटगननं, कुणी चाकं लावलेल्या धनुष्यानं. बाण सुटतो, डुक्कर कोलमडतं, माणसं हात मिळवतात. 2019 पासून तिथं खासगी जमिनीवर डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. आम्ही पोरांनी तसलं धनुष्य मागवायचा बेत केला. बंदुकीचा आवाज होतो, बाणाचा होत नाही, वनखात्याला कळणार कसं, असा आमचा हिशेब. आबांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "त्येंच्याकडं ती डुकरं कुठनं आली, ते बघिटलास काय?"

मी नंतर वाचलं. अमेरिकेत डुक्कर मूळचं नव्हतंच. सोळाव्या शतकात स्पेनचे लोक जहाजातून पाळीव डुकरं घेऊन गेले, त्यातली सुटली, रानात वाढली, पुढं शिकारीसाठी युरोपातली रानडुकरंही आणून सोडली गेली. आपलं रानडुक्कर इथलंच आहे. बिबट्याचं, वाघाचं ते भक्ष्य आहे. ते उठून कुठं जाणार? आणि बाण मारला काय, गोळी घातली काय, कायद्याला दोन्ही सारखंच. पिकाचं नुकसान फार झालं तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, ती वाट आहे. लांब आहे, कंटाळवाणी आहे, पण आहे. आम्हाला तेव्हा ती वाट नको होती.

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या रात्री आबांना ताप भरला. मी एकटाच राखणीच्या माळ्यावर गेलो आणि जाताना बंदूक घेतली. परवाना आबांच्या नावाचा. मी तिला हात लावणं हाच गुन्हा होता, आणि ते मला ठाऊक होतं. खिशात दोन काडतुसं होती. हवेत बार काढायचा माझा विचार नव्हता.

पाऊस लागून राहिला होता. मध्यरात्र उलटली असेल. आधी पलीकडून उसात डबा वाजला, मग कुत्रं भुंकलं, मग थोडा वेळ काहीच नाही. नंतर ओघळीत पाणी खळबळलं आणि रताळ्याचे वेल ओढल्यासारखा आवाज आला. बॅटरी भिजून बंद पडलेली. मी माळ्यावरून उतरलो, बांधाच्या आडोशाला बसलो आणि बंदूक खांद्याला लावली. वीस-बावीस पावलांवर काहीतरी काळं, बुटकं, वाकलेलं सरकत होतं. मधेच थांबायचं, घशातून घुरघुर काढायचं, चिखलातून पाय उपसल्याचा आवाज यायचा, की पुन्हा सरकायचं. मोठा एकांडा नर, मी मनाशी पक्कं केलं. एवढ्या अंतरावरून छर्रे वाया जाणार नव्हते.

बोट चापावर गेलं. आणि आबांचं मोजणं आठवलं. मला ते आठवायला नको होतं, खरं सांगतो. राग आला त्या म्हाताऱ्याचा. तरी वाट बघितली.

वीज चमकली. एक पाय दिसला, चिखलानं माखलेला. पुन्हा अंधार. छाती इतकी धडधडत होती की त्या काळ्या आकाराला ऐकू जाईल असं वाटलं. दुसऱ्यांदा चमकली. दोन. आणि तिसरा, बारीक, सरळ, काठीसारखा.

तो काठीसारखा नव्हता, काठीच होती.

चौथा आलाच नाही.

"कोण हाय?" मी ओरडलो, पण आवाज घशातच राहिला. पुन्हा ओरडलो.

"मी गा. पल्याडचा," घोंगडीची खोळ वर झाली. तात्या. एका हातात काठी, दुसऱ्यात तेलाचा रिकामा डबा, आणि सर्दीनं घसा घुरघुरत होता. "उसातनं हाकलून काढलो त्येंला. लांब गेलीत का न्हाई बघायला आलतो. फिरून येत्यात रे ती."

मी बंदूक मोडली, काडतूस काढलं. ते हातातून चिखलात पडलं. शोधायला वाकलो आणि उठताच येईना. तात्यांनी ते बघितलं. विजेच्या उजेडात त्यांना नळी कुठं रोखलेली होती तेही दिसलं असणार. ते काही बोलले नाहीत. माझ्या शेजारी चिखलातच बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "रोज रात्री तुमच्याकडंच हाकलतोय मी."

"आम्ही पण," मी म्हणालो. "बार काढला की तुमच्या उसात जातात."

किती वर्षं आम्ही हेच करत होतो! दोन्ही घरं रात्रभर जागी, दोघांचे डोळे तांबडे, आणि कळप मात्र ओघळीच्या या काठावरून त्या काठावर, दोन्हीकडं पोटभर खाऊन. आम्ही पिकाची राखण केली नाही, कळपाची ने-आण केली.

सकाळी आबा काठी टेकत आले. माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांना कळलं. मग बांधावर बसून त्यांनी ते सांगितलं, जे आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं. 1972 च्या आधीचा एक हाका. झुडपात खसफस झाली, आबांनी आवाजावर बार काढला. आत हाकारा होता. मांडीत छर्रे. बैलगाडीत घालून बेळगावला नेला, जगला, पण जन्मभर लंगडला. सगळ्यांनी मिळून ठरवलं, दगडावर पडला म्हणून सांगायचं. त्यानंही तेच सांगितलं, मरेपर्यंत. "शिकार कायद्यानं सुटली म्हणून सांगतो मी लोकांस्नी," आबा म्हणाले. "कायदा मागनं आला."

2025 च्या जानेवारीअखेर पालघर जिल्ह्यात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांच्या टोळीतल्या एकानं आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली. तो मेला, आणि बाकीच्यांनी प्रेत लपवलं. ती बातमी वाचली तेव्हा मला आबांचा बांधावरचा चेहरा दिसला. आणि ज्याच्या हातून गोळी सुटली तो माणूसही दिसला, कारण त्याच्या जागी मी बसलेलो आहे. बंदूकच तेवढी आंधळी असते असं नाही. 2020 च्या मे महिन्यात केरळात एक गाभण हत्तीण तोंडात स्फोटकं फुटून मेली. ती स्फोटकं रानडुकरांसाठी फळात भरलेली होती. आपल्याकडं कुणी तारेत करंट सोडतो, कुणी फासकी लावतो. तार चार पाय मोजत नाही. फासकीला मोजता येत नाही. माणसाला येतं, पण अंधारात, रागात आणि तीन महिन्यांची मेहनत मातीत गेलेली बघून किती जण मोजतील, याची मला खात्री नाही. मी मोजले ते माझ्या शहाणपणानं नाही, दुसऱ्याच्या शब्दानं.

त्या दिवसापासून आम्ही ओघळ मधे धरली नाही. हाकलायचं ते दोघांच्याही रानापासून दूर, एकाच दिशेनं, डोंगराकडं, आणि एकमेकांना हाक मारून. पुढच्या वर्षी सौर कुंपण घातलं. अनुदानाचे कागद दोन कचेऱ्यांत, दोन भाषांत केले, आणि तार ओघळीच्या काठानं नेली नाही, दोन्ही रानांभोवती मिळून एकच फिरवली. झटका बसतो, जीव जात नाही. डुकरं संपली नाहीत. आजही एखाद्या रात्री कुंपणाच्या खालून उकरून आत येतात, दोन-चार वरंबे जातात, उसाची कड मोडते. ते दोन्ही घरं सोसतात.

बंदूक आबांनी स्वतः पोलीस ठाण्यात नेऊन दिली. त्या वेळी निवडणूक नव्हती.

जुना माळा मोडून नवा बांधला आहे, ओघळीवरच, जिथं ती सगळ्यात अरुंद आहे तिथं. त्याचे दोन पाय कर्नाटकात आहेत आणि दोन महाराष्ट्रात.